वाळूवरची घरे, दगडांच्या भिंती

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात प्रशांत महासागरातील किरिबाटी ह्या बेटांच्या देशाविषयी चार शब्द बोलण्याची पाळी आमच्यावर आली होती. समुद्राची पातळी वाढत असल्यामुळे ह्या देशाचे अस्तित्व धोक्यात आले आहे आणि तेथील सुमारे सव्वा लाख रहिवाशांपैकी निम्म्याहून अधिक आपल्यासारखेच कॅथलिक आहेत, एवढे सांगून आम्ही थांबलो. तेव्हा मागच्या बाकावरून एक सद्गृहस्थ उठले व म्हणाले, "वाळूवर घर बांधणाऱ्याचे काय होते ते प्रभूने दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. त्या लोकांच्या कानावर ते आले नव्हते काय?" सभागृहात हशा पिकला. कबूल करायला हरकत नाही, क्षणभर आम्हीही हसलो.

त्यानंतर उठले आमचे एक स्नेही. व्यवसायाने अभियंता, स्वभावाने परोपकारी. ते आमची बाजू घेत आहेत असेच प्रथम वाटले. "ह्यात हसण्यासारखे काय आहे? सभोवार भक्कम भिंत घाला, प्रश्न मिटला. हॉलंड समुद्रसपाटीच्या खाली असून सुखाने नांदतेच आहे ना?" सभेने माना डोलावल्या, प्रार्थना झाली, चहा झाला, मंडळी घरोघर गेली. आज आम्हाला जे भांडण मांडायचे आहे ते हसणाऱ्या सद्गृहस्थांपेक्षा ह्या आमच्या स्नेह्यांशी अधिक आहे. हसणारा मनुष्य निदान काही बांधायला निघत नाही.

तरीही सद्गृहस्थांचे देणे आधी चुकते करू. शुभवर्तमानातील त्या दाखल्यातल्या दोन्ही माणसांसमोर खडक होता आणि वाळूही होती. एकाने शहाणपणाने निवड केली, दुसऱ्याने मूर्खपणाने. किरिबाटीच्या मनुष्याला अशी निवड कोणी दिली? ३३ बेटांचा तो देश. सारी जमीन एकत्र केली तर ८११ चौरस किलोमीटर, आणि ती पसरली आहे सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रात. बानाबा ह्या एका उंच बेटाचा अपवाद सोडला (त्याची कथा पुढे येईलच), तर बाकी सारा देश समुद्रापासून दोन-तीन मीटर उंचीचा, प्रवाळाच्या चुऱ्याचा आणि वाळूचा. ज्या देशात खडकच नाही त्या देशाच्या माणसाने आपला पाया कोठे शोधावा? त्याचे पूर्वज शेकडो वर्षे त्या वाळूवर राहिले, नारळ लावले, खड्डे खणून त्यांत अळकुडीसारखे कंद वाढवले, आणि घरे पडली नाहीत. पाणी चढू लागले ते अलीकडे, आणि ते चढण्याचे कारण त्या बेटांवर घडलेले नाही.

आता ही वाळू म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण आमचा सारा मुद्दा त्या वाळूवरच उभा आहे. (मूर्खाचे घर म्हणा हवे तर.) ह्या बेटांचा आकार बहुधा बांगडीसारखा असतो. चार्ल्स डार्विनने १८४२ साली त्याचे कारण सांगितले: मध्ये पूर्वी ज्वालामुखीचा डोंगर होता, तो हळूहळू समुद्रात खचत गेला आणि त्याच्या काठाने वाढणारे प्रवाळ मात्र वर वर चढत राहिले. डोंगर गेला, कडे उरले. कड्याच्या आत जे शांत, उथळ पाणी असते त्याला आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत खाजण म्हणतात; आमच्या मिठागरांकडच्या खाजणाशी वाचकांनी त्याची गल्लत करू नये. ह्या कड्यावर लाटांनी आणून टाकलेला ढीग म्हणजे बेट.

आमच्याकडे नद्या डोंगर झिजवून वाळू आणतात. तेथे नदी नाही व डोंगरही नाही. तेथली वाळू म्हणजे मेलेल्या प्रवाळांचा, शिंपल्यांचा आणि डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सागरी जीवांच्या कवचांचा चुरा. पोपटमासा नावाचा एक रंगीत मासा आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो आणि त्याची वाळू करून मागे टाकतो. मालदीवमधील वक्कारू बेटाभोवती नव्याने तयार होणाऱ्या वाळूचा बहुतांश भाग ह्या माशांच्या पोटातून येतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. अशी ही जमीन. जिवंत प्राणी ती रोज घडवतात, लाटा ती रोज उचलून येथून तेथे ठेवतात. एका बाजूने झिजते, दुसऱ्या बाजूने वाढते; मोठ्या उधाणात लाट बेटावरून वाहून जाते तेव्हा जाता जाता वाळूचा एक थर वर टाकून जाते, आणि बेट बोटभर उंच होते.

म्हणूनच २०१० साली आर्थर वेब व पॉल केंच ह्या शास्त्रज्ञांनी प्रशांत महासागरातील २७ बेटांची जुनी हवाई छायाचित्रे आणि नवी उपग्रहचित्रे ताडून पाहिली, तेव्हा निघालेला निष्कर्ष पुष्कळांना धक्का देणारा ठरला. समुद्र चढत असतानाही ८६ टक्के बेटे एक तर तेवढीच राहिली होती किंवा वाढली होती. २०१८ साली तुवालू ह्या शेजारच्या देशातील १०१ बेटांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७१ ते २०१४ ह्या काळात तेथील जमीन एकूण २.९ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ज्यांना हवामानबदल ही अफवाच वाटते त्यांनी ह्या आकड्यांचे पताके केले. त्यांना आमचे एवढेच सांगणे की, त्याच शास्त्रज्ञांचे पुढचे वाक्यही वाचावे. बेट नकाशावर राहणे वेगळे आणि ते राहण्याजोगे राहणे वेगळे. शिवाय बेटाची ही उठण्याची शक्ती दोन गोष्टींवर अवलंबून आहे: प्रवाळ जिवंत असले पाहिजेत आणि वाळूला हिंडायला मोकळीक असली पाहिजे. पहिली गोष्ट तापत चाललेल्या समुद्राच्या हाती गेली आहे. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी साथ जाहीर केली. दुसरी गोष्ट मात्र माणसाच्या हातात आहे, आणि नेमकी तीच आमचे अभियंते भिंत घालून हिरावून घेतात.

कसे ते पाहा. उतरत्या पुळणीवर लाट येते, धावते, दमते आणि वाळू ठेवून मागे जाते. उभ्या भिंतीवर तीच लाट आपटते आणि तितक्याच जोराने परत फिरते. फिरताना भिंतीच्या पायाशी असलेली वाळू खरवडून नेते. काही वर्षांत भिंतीपुढची पुळण नाहीशी होते, पाणी खोल होते, खोल पाण्यात लाट अधिक मोठी होते आणि मग भिंतच पोखरली जाते. भिंत जेथे संपते तेथे, शेजाऱ्याच्या अंगणात, धूप दुपटीने सुरू होते. शेजारी भिंत घालतो. मग त्याच्या शेजाऱ्याची पाळी. किरिबाटीची राजधानी असलेल्या दक्षिण तारावाच्या काठाने फिरणाऱ्याला हे सारे उघड्या डोळ्यांनी दिसते: सिमेंट भरलेल्या गोण्यांच्या भिंती, प्रवाळाच्या दगडांच्या भिंती, त्यांतल्या कित्येक कोसळलेल्या आणि दुरुस्तीला पैसा नसल्यामुळे तशाच सोडून दिलेल्या. त्या दगडांचीही गंमत अशी की, ते समोरच्याच प्रवाळकड्यावरून उचलून आणलेले. घराचे दार वाचवण्यासाठी कुंपण मोडून त्याच्या लाकडाचे अडसर करावेत, तसे हे. प्रवाळकडे लाटेची सरासरी ९७ टक्के शक्ती काठाला पोहोचण्याआधीच शोषून घेतात, असे २०१४ साली जगभरच्या निरीक्षणांवरून दाखवण्यात आले आहे. म्हणजे फुकटची, आपोआप दुरुस्त होणारी भिंत समुद्राने आधीच घालून दिलेली आहे. तिचे दगड काढून आपण किनाऱ्यावर तिची कच्ची नक्कल उभारतो.

तारावाचेच आणखी एक उदाहरण. बैरिकी आणि बेसिओ ह्या दोन बेटांना जोडणारा तीन किलोमीटरहून लांब भरावाचा रस्ता परदेशी मदतीने १९८७ साली पुरा झाला. लोकांची सोय झाली, ह्यात वाद नाही. पण दोन बेटांमधली वाट बुजली आणि तेथून आतबाहेर जाणारे पाणी व वाळू अडली. आतल्या जलाशयातील बिकेमान नावाचे छोटे बेट त्यानंतर झिजत झिजत जवळजवळ नाहीसे झाले, आणि अभ्यासक त्याचे खापर बव्हंशी ह्या भरावावर फोडतात. परदेशी पाहुण्यांना पुढे त्या बुडालेल्या बेटाकडे बोट दाखवून हवामानबदलाचा पुरावा म्हणून ते सांगण्यात येऊ लागले. खऱ्या संकटाला खोट्या साक्षीची गरज नसते. पण बांधणाऱ्याचे पाप समुद्रावर घालण्याची सोय झाली की ती कोण सोडतो?

आता हॉलंड. आमच्या स्नेह्यांचे हे हुकमी पान आहे, म्हणून ते उलटून दाखवणे आवश्यक आहे. हॉलंडची जमीन बव्हंशी चिकणमातीची व कुजकट गवताच्या थरांची. तेथे बांध घातला की पाणी बाहेर राहते व आत झिरपलेले उपसता येते. प्रवाळाचा कडा मात्र स्पंजासारखा सच्छिद्र असतो. बाहेर कितीही उंच भिंत घाला, भरतीचे पाणी खालून चढते आणि अंगणात डबके होऊन उभे राहते. तुवालूतील फुनाफुती बेटावर मोठ्या भरतीच्या दिवसांत हे घडते. पाणी काठावरून आत येत नाही, जमिनीतून वर येते. त्या भिंतीने कोणाला अडवावे? आणि ज्या हॉलंडचे दाखले आपण देतो, त्या हॉलंडने २०११ साली हेग शहराजवळ काय केले? सुमारे सव्वादोन कोटी घनमीटर वाळू एका जागी समुद्रात नेऊन ओतली आणि लाटांना सांगितले की, आता तुम्हीच ती किनाऱ्याने वाटत न्या. भिंतींचे विद्यापीठ समजला जाणारा तो देश म्हातारपणी वाळूचे शिष्यत्व पत्करतो आहे.

पाण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. अशा बेटावर गोडे पाणी म्हणजे पावसाचे झिरपलेले पाणी, आणि ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगत असते. तारावाला पिण्याचे पाणी पुरवणारे साठे बोनरिकी व बुओटा येथे आहेत. लाट एकदा जमिनीवरून फिरली की हे भिंग खारावते आणि पुन्हा गोडे व्हायला महिने किंवा वर्षे लागतात. उधाणे वारंवार येऊ लागली की त्याला सावरायला अवकाशच मिळत नाही. पुष्कळ प्रवाळबेटे ह्या कारणाने चालू शतकाच्या मध्यापर्यंत वस्तीला निरुपयोगी होतील, असा इशारा २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिला आहे. विहीर खारी होणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. टँकरवाल्यांनी उपसा करकरून वसईतील गोड्या विहिरींचे काय केले ते ज्यांनी पाहिले, बागेतल्या केळीची पाने कडेने करपताना ज्यांनी पाहिली, त्यांना किरिबाटीची बाई बादली ओढून पाणी जिभेवर ठेवून का पाहते ते कळेल.

मग भिंत नकोच, असे आम्ही म्हणतो आहोत काय? तसे म्हणणे हा आडमुठेपणा होईल, आणि माले शहर आम्हाला तोंडघशी पाडील. एप्रिल १९८७ मध्ये प्रचंड लाटांनी मालदीवची ही राजधानी बुडवली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम ह्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आपल्या देशाच्या संभाव्य मरणाची वार्ता जगाला ऐकवली; जगाने ती शांतपणे ऐकून घेतली. पुढे जपानच्या अनुदानातून टप्प्याटप्प्याने मालेच्या सभोवार बंधारा व काँक्रीटचे टेट्रापॉड आले, काम २००२ साली संपले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत मालदीवमधील शंभरावर माणसे मेली वा बेपत्ता झाली. पण मालेचे फार मोठे नुकसान त्या भिंतीमुळे टळले, हे सर्वमान्य आहे. ज्या बेटावर पुळणच उरलेली नाही, ज्याच्या काठोकाठ इमारती उभ्या आहेत, त्याला भिंतीवाचून गती नाही. तेथे भिंतीला विरोध करणे म्हणजे रुग्णाला पथ्य सांगत बसून औषध नाकारणे.

पण ह्या औषधाची किंमत पाहावी. मालेच्या भिंतीला सुमारे ६ कोटी डॉलर लागले, आणि मूळ माले बेट दोन चौरस किलोमीटरदेखील नाही. मालदीवमध्ये वस्तीची बेटे १८० हून अधिक आहेत. बाकीच्यांचे काय? आणि हेही विसरू नये की, भिंत बांधायच्या आधीच्या दशकांत त्याच परिसरातील कडे फोडून इमारतींसाठी प्रवाळाचे दगड काढण्यात येत होते. आधी फुकटची भिंत विकून खाल्ली आणि मग डॉलर मोजून दुसरी घेतली.

बेटावरचे लोकही भिंतच मागतात, हे आम्हाला ठाऊक आहे. का मागू नयेत? भिंत दिसते. ती पुरी झाली की मंत्री फीत कापतो, देणाऱ्या देशाचा झेंडा असलेली पाटी लागते, छायाचित्र निघते. नारळाच्या झावळ्यांचे कुंपण वाळूत रोवून धीराने वाळू साठू देणे, तिवरे लावणे, कड्यावरून दगड उचलण्याला आणि पुळणीवरून वाळू नेण्याला बंदी घालणे, पोपटमाशाची मासेमारी आवरणे, ह्या कामांना पाटी लावता येत नाही. कंत्राटदाराला त्यात काही मिळत नाही आणि मदत देणाऱ्या कचेरीला वर्षअखेरीच्या अहवालात किती मीटर काम झाले ते लिहिता येत नाही. वाळूला घर बांधायचे वळण देणे हे पिढीचे काम आहे. निधी मात्र तीन वर्षांचा असतो.

तुवालूने जे केले ते आम्हाला अधिक विचाराचे वाटते. १९४३ साली अमेरिकी सैन्याने फुनाफुतीवर धावपट्टी बांधताना बेटाचीच माती खणून काढली आणि खड्डे तसेच टाकून सैन्य निघून गेले. बेट एवढेसे, त्यात हे खड्डे, खड्ड्यांत खारे पाणी व कचरा. दुसऱ्यांच्या युद्धाचे ते खड्डे बुजायला २०१५ साल उजाडले. त्यानंतर हरित हवामान निधीच्या साहाय्याने आतल्या जलाशयातील वाळू काढून बेटाच्या काठाने सुमारे सात हेक्टर नवी, उंच जमीन तयार करण्यात आली. भिंतीमागे खालीच राहण्यापेक्षा जमीनच वर उचलावी, ही त्यातील बुद्धी. बेट स्वतः जे करते तेच माणसाने थोडे घाईने करायचे. अर्थात वाळू कोठून व किती काढावी हा प्रश्न तेथेही आहेच, आणि सात हेक्टरांत ११ हजारांचा देश मावत नाही.

येथे तिसरा आवाज येतो, आणि तो आमच्या सभागृहात जरी त्या दिवशी उठला नाही तरी जगाच्या सभागृहांत पुष्कळ उठतो: एवढ्याशा लोकांसाठी इतका खर्च कशाला? त्यांना हलवावे. आता बानाबाची कथा ऐका. ह्या बेटाची माती म्हणजे उत्तम फॉस्फेट. १९०० पासून १९७९ पर्यंत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन व न्यूझीलंडच्या हितसंबंधांनी ते बेट खणले आणि ती माती जहाजांत भरून दूरच्या कुरणांवर व शेतांवर खत म्हणून पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये, बानाबाच्या लोकांना दोन हजारांहून अधिक किलोमीटरवरील फिजीच्या राबी बेटावर नेऊन उतरवण्यात आले. ते बेट विकत घेण्यात आले होते तेही त्यांच्याच फॉस्फेटच्या पैशांतून. म्हणजे किरिबाटीच्या लोकांना हलवण्याचा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. तेव्हा माती नेली, आता माणसे न्या म्हणता. ज्या शेतांवर बानाबा पसरले आहे त्या शेतांच्या मालकांनी किरिबाटीला किती डॉलर द्यावेत ह्याची घासाघीस करावी, हे आम्हाला अशोभनीय वाटते.

स्थलांतर कोणी करूच नये असे मात्र नाही. पापुआ न्यू गिनीच्या कार्टरेट बेटांवरील लोकांनी शिंपल्यांच्या व दगडांच्या भिंती बांधून पाहिल्या, तिवरे लावून पाहिली; समुद्राने ह्वेने बेटाचे दोन तुकडे केले, कंदांच्या खड्ड्यांत खारे पाणी शिरले. तेव्हा उर्सुला राकोवा ह्या तेथल्याच स्त्रीच्या पुढाकाराने लोकांनी स्वतःची संस्था काढली, बोगनव्हिलच्या टिनपुत्झ येथे कॅथलिक चर्चने आपली जमीन दिली आणि २००९ पासून काही कुटुंबे तेथे वसू लागली. जमिनीची गोष्ट वसईच्या माणसाला कळते. हातची जमीन फुकट देणारे चर्च पाहून आम्हाला अभिमान वाटला हे लपवत नाही. किरिबाटी सरकारने २०१४ साली फिजीच्या वानुआ लेवू बेटावर सुमारे ५,५०० एकर जमीन घेतली, तीही एका चर्चच्याच मालकीची, चर्च ऑफ इंग्लंडच्या. पण त्यासाठी गरीब देशाला ८० लाखांहून अधिक डॉलर मोजावे लागले. वाचकांनी दोन्ही व्यवहार शेजारी ठेवून पाहावेत.

ह्या 'हलवा'वाल्यांची खरी परीक्षा न्यायालयात झाली. किरिबाटीच्या एका रहिवाशाने न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला होता. तेथील न्यायालयांनी त्याला नकार दिला आणि २०१५ साली त्याला परत धाडण्यात आले. त्याने संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली. जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्णयात समितीने मान्य केले की, चढत्या समुद्रामुळे किरिबाटी दहा-पंधरा वर्षांत राहण्यास अयोग्य होऊ शकतो. तरी त्याला परत पाठवण्यात चूक झाली नाही, कारण मधल्या काळात किरिबाटी सरकारला आंतरराष्ट्रीय साहाय्याने संरक्षणाचे उपाय योजता येतील! हे वाक्य आम्ही पुनःपुन्हा वाचले. मनुष्याला सांगितले की, जा, तुझ्या घराभोवती बांध होणार आहे. बांध कोणी बांधायचा, कशाचा, कोणाच्या पैशाने, ह्याविषयी कोणावर काही बंधन घातले नाही. ती दहा-पंधरा वर्षे आता निम्म्यावर यायला लागली आहेत. जो देश दार लावून घेतो त्याने निदान बांधाचे पैसे खिडकीतून द्यावेत की नाही?

पैशांविषयी एकदा स्पष्ट बोलणे बरे. सगळ्या लहान बेटांच्या देशांनी मिळून हवेत सोडलेला कर्बवायू जगाच्या एक टक्काही भरत नाही. समुद्र मात्र १९०१ ते २०१८ ह्या काळात सुमारे २० सेंटिमीटर चढला आणि आता पूर्वीपेक्षा वेगाने चढतो आहे. दुबई येथे २०२३ साली हानी-भरपाईचा निधी सुरू झाला तेव्हा साऱ्या श्रीमंत जगाने मिळून दिलेली आश्वासने सुमारे ७० कोटी डॉलरची होती, म्हणजे मालेसारख्या बारा भिंतींची. ती बुडणाऱ्या व होरपळणाऱ्या सगळ्या देशांनी वाटून घ्यायची. २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की, हवामानाची हानी टाळणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास भरपाईची जबाबदारी येऊ शकते. ही मागणी प्रथम मांडली होती ती प्रशांत महासागरातल्या बेटांवरील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी. तेव्हा ह्या रकमेला दान म्हणणे आता सोडून द्यावे. उपवासकाळात पाकिटात घालतो ते दान. शेजाऱ्याची भिंत आपण पाडली तर ती बांधून देतो त्याला आमच्याकडे दान म्हणत नाहीत.

आणि देणेकऱ्याला घर कसे बांधावे हे ठरवण्याचा अधिकार नसतो. आज मात्र पैसा देणारा नकाशाही आणतो, दगडही आणतो आणि अभियंताही आणतो. कोठे भिंत, कोठे भराव, कोठे नुसती वाळू मोकळी सोडायची, हे त्या त्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या भरती पाहिलेल्या माणसांना बरोबर घेऊन ठरले पाहिजे, आणि शास्त्रज्ञाने त्यांना खरे सांगितले पाहिजे, भिंतीचे दुष्परिणामही.

एक गोष्ट आमच्याच घरातली आहे, म्हणून टाळत नाही. किरिबाटी आणि तुवालूतील कित्येक श्रद्धाळू म्हणतात की, देवाने नोहाला मेघधनुष्य दाखवून वचन दिले आहे, पुन्हा प्रलय येणार नाही. मग बांध कशाला? त्यांच्या श्रद्धेपुढे आम्ही नम्र आहोत. पण ते वचन देवाने स्वतःच्या हाताविषयी दिले होते. माणसाने आपल्या धुराड्यांनी आणलेल्या पाण्याविषयी देवाने कोणाला हमी दिल्याचे आमच्या वाचनात नाही. आणि नोहाने, वचनाच्या आधी का होईना, तारू बांधले होते, तेही सांगितलेल्या मापाने.

हे सारे दूर देशाचे म्हणून कोणी बाजूला सारू नये. आपल्याच लक्षद्वीपमधील बंगारम प्रवाळद्वीपातले परळी-१ हे निर्जन बेट समुद्राने गिळल्याचे २०१७ साली एका भारतीय अभ्यासकाने दाखवून दिले, आणि तेथील वस्तीच्या बेटांच्या काठी टेट्रापॉडचे ढीग पडलेले आहेत. आमच्या किनाऱ्यावर तर सुरूची झाडे मुळांसकट आडवी होताना आम्ही दर पावसाळ्यात पाहतो. रात्री वाळू भरून जाणाऱ्या गाड्याही पाहतो. झाड पडले की आपण बंधारा मागतो, गाडी गेली की आपण कूस बदलतो.

त्या सभेनंतर महिन्याभराने आमच्या अभियंता स्नेह्यांनी आपल्या किनाऱ्यावर दगडी धूपप्रतिबंधक बंधारा व्हावा म्हणून निवेदन तयार केले. ते घरोघर फिरते आहे. दोन रविवार झाले, आमच्या टेबलावर आहे. ज्यांच्या पायरीपर्यंत पाणी आले आहे अशा कोळी बांधवांच्या घरांपुढे बंधारा हवा, ह्याविषयी आमचे दुमत नाही. पण निवेदनात आम्ही पेन्सिलीने दोन कलमे लिहिली आहेत. पहिले, बंधाऱ्याचा पहिला दगड पडण्याआधी किनाऱ्यावरील वाळूउपसा पूर्ण बंद व्हावा. दुसरे, बंधारा संपेल तेथून पुढच्या गावांतील लोकांना आराखडा दाखवून त्यांची संमती घ्यावी. स्नेह्यांचा निरोप आला आहे की, पहिले कलम चालेल, दुसऱ्याने काम दोन वर्षे लांबेल. आम्ही उलट निरोप धाडला आहे की, पुढच्या गावची मंडळी येत्या रविवारी मिस्सानंतर आमच्याकडेच चहाला येणार आहेत, त्यांनीही यावे आणि आराखडा घेऊन यावे.